शिकागो पोलिसांचा गोळीबार आणि पहिल्या दिवशीचा खुलासा : थोडी पार्श्वभूमी

शिकागोत पोलिसांच्या गोळीने कोणी गेलं की ठरलेलं सगळं सुरू होतं, पिवळ्या पट्टीसमोर उभा राहून कोणीतरी अधिकारी टीव्हीवाल्यांना काय झालं ते सांगतो, मग मोर्चे, मग व्हिडिओ कधी देणार यावर भांडण, आणि आपल्यासारखे लांबून वाचणारे विचारतात की त्याच्या हातात चाकू होता म्हणतात ना, मग पोलिसांनी काय करायचं. प्रश्न चुकीचा नाहीये. पण तिथल्या बऱ्याच लोकांचा, विशेषतः साउथ साइड आणि वेस्ट साइडच्या काळ्या वस्त्यांमधल्या लोकांचा, त्या पहिल्या खुलाशावर विश्वासच बसत नाही आणि तो का बसत नाही हे समजायला एका केसवरून काही कळत नाही, पार मागे जावं लागतं. मी जेवढं वाचलंय त्यातून मला एकच धागा सारखा दिसतो, तो म्हणजे गोळी कोणी झाडली यापेक्षाही त्यानंतर कागदावर काय लिहिलं गेलं आणि पुरावा कोणाच्या ताब्यात राहिला हा. शिकागोत जे काही थोडंफार बदललं ते प्रत्येक वेळी पुरावा पोलिसांच्या हातातून बाहेर पडला तेव्हाच बदललं.

सुरुवात आपल्या ओळखीच्या तारखेपासून करतो. १ मे आपल्याकडे महाराष्ट्र दिन आणि कामगार दिनही, त्यातला कामगार दिन आला तो शिकागोतून. १८८६ च्या मे महिन्यात आठ तासांच्या कामासाठी तिथं मोठा संप चालू होता. ३ मे ला मॅकॉर्मिक या शेतीची यंत्रं बनवणाऱ्या कारखान्याच्या गेटवर संपकरी आणि कामावर चाललेले लोक यांच्यात राडा झाला आणि पोलिसांनी गोळ्या चालवल्या. त्याच्या निषेधाला दुसऱ्या दिवशी हेमार्केट चौकात सभा भरली, सभा संपत आली असताना पोलीस आले, कोणीतरी बॉम्ब टाकला, पोलीस मेले, पोलिसांनी अंधारात गोळीबार केला, आणि पुढं चार कामगार पुढाऱ्यांना फाशी झाली, हे सगळं पुस्तकात आहे. पण आदल्या दिवशी गेटवर नक्की किती कामगार गेले? निदान दोन एवढंच खात्रीने सांगता येतं, त्या संध्याकाळच्या पत्रकात सहा छापले होते. पोलिसांच्या गोळीने मेलेल्या माणसाचा हिशोब नीट न ठेवणं ही सवय इतकी जुनी आहे.

१९१९ च्या जुलैमधल्या वांशिक दंगलीवर फार थांबत नाही. मिशिगन लेकमध्ये पोहणारा एक काळा मुलगा गोऱ्यांच्या बाजूला वाहत गेला, त्याच्यावर दगड मारले गेले, तो बुडाला, आणि किनाऱ्यावरच्या पोलिसाने दगड मारणाऱ्या गोऱ्या माणसाला पकडायला नकार दिला तिथून ती पेटली. ३८ लोक गेले, त्यात २३ काळे, आणि त्यातले काही थेट पोलिसांच्या गोळीने. शहरातल्या काळ्या लोकांच्या घरात ही गोष्ट अजून सांगितली जाते.

१९३७ वर मात्र थांबायलाच हवं, कारण कॅमेरा पहिल्यांदा इथं आला. रिपब्लिक स्टीलच्या कारखान्यात संप चालू होता, मोठ्या स्टील कंपनीने युनियनला मान्यता दिलेली पण रिपब्लिक वगैरे छोट्या कंपन्या ऐकत नव्हत्या. ३० मे ला मेमोरियल डेची सुट्टी, संपकरी बायकापोरांसह जमले, भाषणं झाली आणि मोकळ्या माळरानावरून कारखान्याच्या दिशेने मोर्चा निघाला. पोलीस रांग करून उभे होते. थोडी बोलाचाली, मग एकदम अश्रुधूर, गोळ्या आणि लाठीमार. १० माणसं गेली, काही जागेवर, काही पुढच्या दिवसांत दवाखान्यात. दुसऱ्या दिवशी पेपरांनी जे छापलं ते पोलिसांनी सांगितलेलं, की कम्युनिस्टांनी भडकवलेला जमाव कारखान्यावर चालून आला आणि पोलिसांनी नाइलाजाने स्वतःला वाचवलं. कोरोनर, म्हणजे अशा मृत्यूंची चौकशी करणारा अधिकारी, त्याच्या ज्युरीनेही मृत्यू समर्थनीय ठरवले.

पण त्या माळरानावर पॅरामाउंट न्यूज या सिनेमा थिएटरांसाठी बातमीपट बनवणाऱ्या कंपनीचा कॅमेरामन होता आणि त्याने बरंचसं टिपलं होतं. कंपनीने ती फिल्म दाबून ठेवली, लोक बघून भडकतील म्हणाले. मग सेंट लुईसच्या एका पेपरच्या वार्ताहराला त्या फिल्ममध्ये काय आहे ते कळलं आणि त्याने ते छापलं, सिनेटच्या ला फॉलेट समितीने फिल्म मागवून घेतली आणि वॉशिंग्टनमध्ये दाखवली. फिल्ममध्ये लोक पळताना दिसतात, पळणाऱ्यांच्या मागे लागून लाठ्या घालणारे पोलीस दिसतात. आणि डॉक्टरी तपासणीचा जो निष्कर्ष समितीपुढं आला तो असा, मेलेल्या १० पैकी ७ जणांना गोळी पाठीत लागलेली, ३ जणांना बाजूने, समोरून एकालाही नाही. चालून येणाऱ्या जमावाला पाठीत गोळ्या कशा लागतात, याचं उत्तर शिकागोच्या एकाही अधिकाऱ्याकडे नव्हतं, आणि तरीही एकाही पोलिसावर खटला चालला नाही.

त्यानंतरच्या ३० वर्षांत शहराचा चेहरा बदलला. दक्षिणेतून लाखो काळी कुटुंबं शिकागोत आली आणि त्यांना घरं मिळाली ती ठरावीक वस्त्यांतच, बाहेर मिळूच दिली नाहीत. शाळा वेगळ्या पडल्या, नोकऱ्या हळूहळू गेल्या आणि पोलीस खातं मात्र बहुतांश गोरंच राहिलं. महापौर रिचर्ड डेली यांची शहरावर घट्ट पकड होती, वॉर्डावॉर्डात माणसं, नोकऱ्या त्यांच्या हातात. एप्रिल १९६८ मध्ये मार्टिन ल्युथर किंग यांच्या खुनानंतर वेस्ट साइड पेटली तेव्हा डेलींनी पत्रकार परिषदेत जाहीर सांगितलं की जाळपोळ करणाऱ्याला ठार मारायला आणि लुटणाऱ्याला जायबंदी करायला गोळी घाला असे आदेश आपण दिले होते आणि ते पाळले गेले नाहीत म्हणून ते पोलीस प्रमुखांवर नाराज होते. दोन दिवसांत त्यांना थोडी माघार घ्यावी लागली, पण महापौर तोंडाने असं बोलला हे लोक विसरले नाहीत.

आणि मग ४ डिसेंबर १९६९. फ्रेड हॅम्प्टन, वय फक्त २१, ब्लॅक पँथर पार्टीच्या इलिनॉय शाखेचा अध्यक्ष. आपल्याकडे १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली ती याच पार्टीचं नाव आणि स्फूर्ती घेऊन, म्हणून मराठी वाचकाला हा माणूस एकदम परका नाही. पोरांना सकाळचा नाश्ता फुकट द्यायचा कार्यक्रम तो चालवायचा, काळ्या, पोर्टोरिकन आणि गरीब गोऱ्या पोरांच्या संघटनांना एका फळीत आणायचा त्याचा प्रयत्न चालू होता, आणि बोलायला लागला की सभा हलायची. वेस्ट मन्रो स्ट्रीटवरच्या फ्लॅटमध्ये बेकायदा हत्यारं आहेत असं वॉरंट घेऊन सरकारी वकील एडवर्ड हॅनराहन यांच्या ऑफिसशी जोडलेले १४ पोलीस पहाटे पावणेपाचच्या सुमारास घुसले. हॅम्प्टन पलंगावरच मारला गेला, शेजारी त्याची होणारी बायको, पोटात आठ महिन्यांहून जास्त दिवसांचं बाळ. पुढच्या खोलीत मार्क क्लार्क गेला, तो २२ चा.

हॅनराहन यांनी लगेच सांगितलं की पँथरवाल्यांनी आतून जोरदार गोळीबार केला, पोलीस नशिबाने वाचले. शिकागो ट्रिब्यूनला खास फोटो दिले गेले, दारावरच्या खुणा दाखवून, ह्या बघा आतून आलेल्या गोळ्यांची भोकं. आता इथं पोलिसांकडून एक गोष्ट राहून गेली, त्यांनी तो फ्लॅट सीलच केला नाही. पँथरवाल्यांनी दार उघडं ठेवलं आणि वस्तीतल्या लोकांना आत येऊन बघा म्हणून सांगितलं. थंडीत बाहेर रांगा लागल्या, हजारो माणसं, म्हाताऱ्या बायका, शाळेची पोरं, त्या फ्लॅटमधून फिरून गेली, रक्ताने भिजलेली गादी बघितली, भिंतींवरच्या भोकांची ओळ बघितली आणि ती कुठल्या बाजूने कुठं जाते ते स्वतःच्या डोळ्यांनी ताडलं. सन-टाइम्स या दुसऱ्या पेपरचे पत्रकार गेले तर ट्रिब्यूनच्या फोटोतली ती "भोकं" म्हणजे चक्क खिळ्यांची डोकी निघाली. पुढं फेडरल ग्रँड ज्युरीने, म्हणजे खटला भरायचा का हे ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळाने, सगळ्या खुणा मोजल्या, पोलिसांच्या बाजूने ८२ ते ९९ गोळ्या आणि पँथरच्या बाजूने फार तर एक.

शिक्षा कोणालाच झाली नाही. हॅनराहन आणि बाकीच्यांवर पुरावे दडवल्याचा खटला चालला, १९७२ मध्ये सगळे सुटले, पण त्याच वर्षीच्या निवडणुकीत डेमोक्रॅटिक पार्टीच्या बालेकिल्ल्यात हॅनराहन पडले कारण काळ्या मतदारांनी ठरवून त्यांना पाडलं. मग हेही बाहेर आलं की फ्लॅटचा नकाशा, पलंग कुठं आहे त्यासकट, एफबीआयला देणारा माणूस हॅम्प्टनच्याच सुरक्षेचं काम बघत होता, विल्यम ओनील. नातेवाईक आणि वाचलेले लोक दिवाणी केस लढत राहिले आणि १९८२ मध्ये शहर, काउंटी आणि केंद्र सरकार यांनी मिळून १८ लाख ५० हजार डॉलर दिले. मला या सगळ्यात सर्वांत महत्त्वाची वाटते ती ती रांग. फ्लॅटला कुलूप लागलं असतं तर आज इतिहासात खिळ्यांच्या डोक्यांना गोळ्यांची भोकंच म्हटलं असतं.

यानंतर चौकशीची यंत्रणा हवी ही मागणी जोर धरू लागली. राल्फ मेटकाफ, ऑलिंपिकमध्ये पळालेला माणूस, अमेरिकेच्या संसदेत निवडून गेलेला आणि डेलींचा जवळचा, त्याने १९७२ मध्ये पोलिसी अत्याचाराच्या प्रश्नावरून डेलींशी संबंध तोडले आणि जाहीर सुनावण्या घेतल्या. १९७४ मध्ये ऑफिस ऑफ प्रोफेशनल स्टँडर्ड्स निघालं, त्यात तपास करणारे सिव्हिलियन, पण ऑफिस पोलीस खात्याच्याच आत. २००७ मध्ये ते बाहेर काढून नवीन नाव दिलं, आयपीआरए, आणि २०१७ मध्ये तेही मोडून कोपा नावाचं नवीन ऑफिस. पाट्या बदलल्या, पण निदान आयपीआरएच्या काळापर्यंत गोळीबार चूक होता असं ठरण्याचं प्रमाण जवळपास शून्यच राहिलं. याच काळात जॉन बर्ज नावाच्या अधिकाऱ्याच्या हाताखाली साउथ साइडच्या एका स्टेशनात १९७२ ते १९९१ अशी जवळजवळ २० वर्षं १०० हून जास्त माणसांना, बहुतेक सगळ्या काळ्या, विजेचे झटके देऊन आणि डोक्यावर पिशव्या घालून कबुलीजबाब घेतले गेले. हा गोळीबाराचा विषय नाही पण यामुळे पोलिसांच्या सहीच्या कागदावर कोणाचा विश्वास राहिला नाही म्हणून सांगितलं.

कायद्याचंही थोडं बघायला लागेल. आधी बऱ्याच राज्यांत पळणाऱ्या गुन्हेगारावर गोळी घालायला पोलिसांना मोकळीक होती. १९८५ मध्ये मेम्फिसच्या एका १५ वर्षांच्या मुलाच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की नुसता पळतोय म्हणून गोळी घालता येणार नाही, त्याच्यापासून जिवाला धोका आहे असं मानायला कारण हवं. मग १९८९ मध्ये दुसऱ्या केसमध्ये कोर्टाने कसोटी घालून दिली ती अशी, त्या क्षणी त्या जागी असलेल्या समंजस अधिकाऱ्याला काय वाटलं असतं ते बघा, नंतर निवांत बसून नाही. तत्त्व म्हणून ठीक आहे, सेकंदात निर्णय घ्यावा लागतो हे खरंच आहे. पण याचा परिणाम असा झाला की "मला वाटलं त्याच्याकडे गन आहे" हे वाक्य केसचा कणा होऊन बसलं. आणि ते वाक्य खरं का खोटं हे ठरवायला दुसरी बाजू सांगणारा बऱ्याचदा जिवंतच नसतो.

जून १९९९ मध्ये एका रात्रीत दोन केस झाल्या. लाटान्या हॅगर्टी, २६ वर्षांची, गाडीत शेजारच्या सीटवर बसलेली, गाडीचा पाठलाग झाला, गाडी थांबल्यावर पोलिसाने गोळी घातली, हातात चमकणारं काहीतरी दिसलं म्हणून. हातात मोबाईल होता. आणि काही तासांतच रॉबर्ट रस, २२ वर्षांचा, नॉर्थवेस्टर्न युनिव्हर्सिटीचा फुटबॉल खेळाडू, डिग्री मिळायला थोडे दिवस राहिलेले, त्याला गाडीतच गोळी लागली. दोघांकडेही हत्यार नव्हतं. हॅगर्टीच्या घरच्यांना शहराने १ कोटी ८० लाख डॉलर दिले. एवढा पैसा गेला पण तो पोलीस खात्याच्या खिशातून नाही, शहराच्या तिजोरीतून, म्हणजे ज्या वस्तीत गोळी झाडली त्याच वस्तीच्या करातून.

मोबाईल आणि गनची ही गल्लत नंतरही चालू राहिली. २०१२ च्या मार्चमध्ये रेकिया बॉइड, २२ वर्षांची, डग्लस पार्कजवळ मित्रमैत्रिणींबरोबर रात्री उशिरा उभी होती. ड्युटीवर नसलेला एक डिटेक्टिव्ह स्वतःच्या गाडीतून आला, आवाज कमी करा यावरून बोलाचाली झाली आणि त्याने गाडीतूनच खांद्यावरून मागे पाच गोळ्या झाडल्या. एकाच्या हाताला लागली, त्या हातात फोन होता, आणि रेकियाच्या डोक्यात. खटला उभा राहिला खरा पण सरकारी वकिलांनी कलम लावलं निष्काळजीपणाने झालेल्या मृत्यूचं, आणि २०१५ च्या एप्रिलमध्ये न्यायाधीश म्हणाले की माणसावर नेम धरून गोळी झाडणं हे निष्काळजीपणात बसतच नाही, ते हेतुपुरस्सर कृत्य आहे, म्हणून या कलमाखाली सोडून द्यावं लागतं. म्हणजे केलेली गोष्ट लावलेल्या कलमापेक्षा गंभीर होती म्हणून सुटका. आणि एकदा सुटल्यावर तीच केस परत चालवता येत नाही. २०१६ मध्ये बडतर्फीच्या सुनावणीच्या तोंडावर त्याने राजीनामा दिला. रेकियाच्या कुटुंबाने त्या सुनावणीसाठी महिनोन् महिने पोलीस बोर्डाच्या मीटिंगांना हजेरी लावली होती.

आता लक्वान मॅकडोनल्ड. वय १७, तारीख २० ऑक्टोबर २०१४, पुलास्की रोड. कोणीतरी ट्रक फोडतोय असा फोन गेला, पोलीस आले, त्याच्या हातात छोटा चाकू होता, त्याने पोलिसांच्या गाडीचा टायर कापला, अंगात नशा होती, हे सगळं खरं आहे आणि ते लपवायची गरज नाही. पोलीस त्याच्या मागे सावकाश चालत होते आणि विजेचा झटका देऊन माणसाला रोखणारी टेझर गन मागवली होती. तेवढ्यात जेसन व्हॅन डाईक हा अधिकारी गाडीतून उतरला आणि सहाएक सेकंदांत गोळ्या सुरू. १६ गोळ्या, आणि त्यातल्या बऱ्याचशा तो रस्त्यावर पडल्यावर. जागेवर हजर असलेल्या बाकीच्या एकाही पोलिसाने गोळी झाडली नव्हती. त्या रात्री पोलिसांच्या युनियनचा प्रवक्ता टीव्हीवर म्हणाला की पोरगा चाकू घेऊन पोलिसांच्या अंगावर धावला. तिथल्या अनेक अधिकाऱ्यांनी आपापल्या रिपोर्टमध्ये तेच लिहिलं, तो चाकू फिरवत व्हॅन डाईकच्या दिशेने येत होता. इतके कागद, इतक्या सह्या आणि सगळे एकमेकांशी जुळणारे.

पोलिसांच्याच गाडीच्या डॅशकॅममध्ये मात्र तो पोरगा पोलिसांपासून तिरका लांब चाललेला दिसतो. पण हे बघायला शहराला ४०० दिवस थांबावं लागलं. मधल्या काळात काय काय झालं ते क्रमाने बघितलं की अंगावर काटा येतो. पोलीस दलाशी संबंधित कोणीतरी जेमी काल्व्हन या पत्रकाराच्या कानावर घातलं की असा एक व्हिडिओ आहे. काल्व्हन हा वर्षानुवर्षं पोलिसांविरुद्धच्या तक्रारींच्या फायली जनतेला खुल्या व्हाव्यात म्हणून कोर्टात भांडलेला माणूस. त्याने पोस्टमॉर्टेम रिपोर्ट मिळवला आणि फेब्रुवारी २०१५ मध्ये १६ जखमांची गोष्ट छापली. ७ एप्रिलला महापौरपदाची दुसरी फेरी झाली, तेव्हाचे महापौर राह्म इमॅन्युएल काळ्या मतदारांच्या मोठ्या पाठिंब्यावर पुन्हा निवडून आले. १५ एप्रिलला नगरसेवकांनी मॅकडोनल्ड कुटुंबाला ५० लाख डॉलर द्यायला मंजुरी दिली, अजून केस दाखलही झालेली नव्हती आणि चर्चाही झाली नाही. व्हिडिओ मात्र तपास चालू आहे म्हणून अडवलेला. शेवटी ब्रँडन स्मिथ नावाच्या फ्रीलान्स पत्रकाराने आपल्या माहितीच्या अधिकारासारखाच जो तिथला कायदा आहे त्याच्याखाली केस टाकली, आणि नोव्हेंबरमध्ये न्यायाधीशांनी आदेश दिला की व्हिडिओ २५ तारखेपर्यंत द्या. २४ नोव्हेंबरला व्हिडिओ आला आणि त्याच दिवशी सरकारी वकील अनिता अल्व्हारेझ यांनी व्हॅन डाईकवर खुनाचा आरोप ठेवला. वर्षभर जे जमलं नाही ते व्हिडिओ बाहेर येणार कळल्यावर काही दिवसांत जमलं.

त्यानंतरचा हिवाळा शहराने रस्त्यावर काढला. थँक्सगिव्हिंगच्या दुसऱ्या दिवशी, वर्षातला सगळ्यात मोठा खरेदीचा दिवस, मिशिगन ॲव्हेन्यूवरच्या दुकानांची दारं मोर्चाने अडवली, घोषणा एकच, "सोळा गोळ्या आणि लपवाछपवी". पोलीस प्रमुख गॅरी मॅकार्थी यांचं पद १ डिसेंबरला गेलं, मार्चमध्ये अल्व्हारेझ प्राथमिक निवडणूक हरल्या, आणि २०१८ मध्ये व्हॅन डाईकचा खटला सुरू व्हायच्या आदल्या दिवशी इमॅन्युएल यांनी पुन्हा उभं राहणार नाही असं जाहीर केलं. ऑक्टोबर २०१८ मध्ये ज्युरीने व्हॅन डाईकला सेकंड डिग्री, म्हणजे कमी गंभीर दर्जाच्या, खुनाचा आणि प्रत्येक गोळीसाठी एक अशा १६ गुन्ह्यांचा दोषी ठरवलं. ड्युटीवरच्या गोळीबारासाठी शिकागोचा पोलीस खुनाचा दोषी ठरण्याची जवळजवळ ५० वर्षांतली ही पहिली वेळ. शिक्षा पावणेसात वर्षं, सुटका फेब्रुवारी २०२२ मध्ये. रिपोर्ट जुळवून लिहिल्याचा आरोप असलेले तीन अधिकारी मात्र जानेवारी २०१९ मध्ये निर्दोष सुटले. मला स्वतःला या निकालाचा त्रास जास्त होतो, कारण गोळी एकाने झाडली पण कागद अनेकांनी लिहिले होते.

केंद्राच्या न्याय खात्याचा अहवाल जानेवारी २०१७ मध्ये आला. त्यातला एक आकडा पुरेसा आहे, पाच वर्षांत आयपीआरएने ४०९ गोळीबारांचा तपास केला आणि त्यातले दोनच चुकीचे ठरवले. कारणंही अहवालात आहेत. युनियनच्या करारामुळे गोळी झाडणाऱ्या अधिकाऱ्याचा जबाब निदान २४ तास घेता यायचा नाही, तोवर सगळे एकमेकांशी बोलून मोकळे, साक्षीदार शोधायला कोणी जायचं नाही, प्रश्न विचारले तरी उत्तर सुचवणारे. पळणाऱ्याच्या मागे एकट्याने धावत जाऊन स्वतःलाच धोक्यात आणायचं आणि मग धोका होता म्हणून गोळी घालायची हे वारंवार झालेलं दिसलं. आणि मुळात मोजदाद तरी कुठं होती? ट्रिब्यूनने कित्येक महिने भांडून कागद मिळवले तेव्हा कळलं की २०१० ते २०१५ या सहा वर्षांत पोलिसांनी ४३५ वेळा गोळीबार केला, २६०० हून जास्त गोळ्या, ९२ मृत्यू, १७० जखमी, आणि ज्यांच्यावर झाडल्या त्यातले सुमारे पाचांतले चार काळे. त्या काळात शहरात काळे साधारण एक तृतीयांश.

दुसरी बाजूही सांगायला हवी. शिकागोत बंदुका प्रचंड आहेत, २०१६ मध्ये ७५० हून जास्त खून झाले, २०२१ मध्ये ८०० च्या आसपास. ऑगस्ट २०२१ मध्ये साध्या ट्रॅफिक स्टॉपवर एक तरुण महिला अधिकारी गोळी लागून गेली. पोलीस रात्री बाहेर पडतात तेव्हा भीती खरी असते. ज्या वस्त्यांमध्ये पोलिसांवर राग आहे त्याच वस्त्यांतल्या आया पोलीस लवकर येत नाहीत म्हणूनही चिडलेल्या असतात. पण साक्षीदार पुढं येत नाहीत, खून सुटत नाहीत ही पोलिसांची तक्रार असते त्याचंही मूळ याच इतिहासात आहे असं मला वाटतं, ज्यांच्या कागदावर विश्वास नाही त्यांच्या कागदावर सही करायला कोण येईल.

२०१९ च्या मार्चपासून कन्सेंट डिक्री लागू आहे, म्हणजे पोलीस खात्यातले बदल कोर्टाच्या देखरेखीखाली, इलिनॉयच्या ॲटर्नी जनरलनी शहरावर केस टाकून मिळवलेली. आधी पाच वर्षांची धरली होती ती पुढं आठ केली कारण कामच झालं नव्हतं. गोळीबाराचा व्हिडिओ साधारण ६० दिवसांत द्यायचा नियम २०१६ मध्येच झाला होता. २९ मार्च २०२१ ला लिटल व्हिलेजमध्ये पहाटे पाठलागात ॲडम टोलेडो हा १३ वर्षांचा मुलगा गेला तेव्हा कोर्टात सरकारी वकिलाने ॲडमबरोबर असलेल्या दुसऱ्या आरोपीच्या सुनावणीत जे सांगितलं त्यातून ॲडमच्या हातात गोळी लागताना गन होती असंच ध्वनित झालं. १५ एप्रिलला बॉडीकॅमचा व्हिडिओ आला, गन त्याने सेकंदाच्या आत आधी कुंपणामागे टाकली होती आणि वळला तेव्हा हात रिकामे होते. सरकारी वकिलांच्या ऑफिसला चूक मान्य करावी लागली. अधिकाऱ्यावर गुन्हा दाखल झाला नाही, पण पायी पाठलागाचे नियम २०२२ मध्ये आले, जे न्याय खात्याने पाच वर्षं आधीच मागितले होते.

मग २१ मार्च २०२४ ची डेक्स्टर रीडची केस, हम्बोल्ट पार्क भागातली. साध्या कपड्यातले पाच पोलीस, पाटी नसलेली गाडी, सीटबेल्ट लावला नाही म्हणून थांबवलं असं सांगण्यात आलं. कोपाच्या म्हणण्यानुसार पहिली गोळी बहुधा रीडने झाडली, एक अधिकारी जखमी झाला, आणि मग ४१ सेकंदांत पोलिसांच्या ९६ गोळ्या, शेवटच्या तीन तो रस्त्यावर निपचित पडल्यावर. व्हिडिओ १९ दिवसांत बाहेर आला. त्यामुळे या वेळी काय झालं यावर फारसा वाद उरला नाही, वाद सरकला तो त्याच्याही मागे, की मुळात त्याला थांबवलं का. कोपाच्या प्रमुखांनी पोलीस प्रमुखांना पत्र लिहून तीच शंका घेतली, काळ्या काचांच्या गाडीत सीटबेल्ट दिसला तरी कसा. २०१६ नंतर रस्त्यावर चालणाऱ्यांना थांबवून झडती घेण्यावर बंधनं आली तेव्हापासून गाड्या थांबवणं भरमसाट वाढत गेलं, २०२३ मध्ये पाच लाखांहून जास्त, आणि थांबवले जाणारे प्रमाणाबाहेर काळे आणि लॅटिनो. हे ट्रॅफिक स्टॉपसुद्धा कन्सेंट डिक्रीखाली आणायचे का यावर रीडच्या मृत्यूनंतर फेडरल न्यायाधीशांसमोर जाहीर सुनावण्या झाल्या, आणि त्यात बोलायला उभे राहिलेले बरेच लोक असे की ज्यांना स्वतःला कधी ना कधी असंच थांबवलं गेलं होतं.